पायी वारीचे पहिले पंधरा दिवस



रोहिण्या लागल्या की आपल्याकडे दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. एक पेरणीची आणि दुसरी वारीची. बियाणं कोणतं घ्यायचं, पाऊस कधी येणार, आणि यंदा पालखीबरोबर कोण कोण निघणार. गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले की कोणीतरी हळूच विषय काढतंच, "मला यंदा पायी जायचंय." आजचं बोलणं अशा बायांसाठी आहे. ज्या पहिल्यांदा निघणार आहेत त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरातली सासू, आई, जाऊ किंवा सून निघणार आहे त्यांच्यासाठीही.

भक्तीबद्दल मी काही सांगणार नाही. ती तुमच्याजवळ माझ्यापेक्षा जास्त आहे. मी बोलणार आहे पायांबद्दल, पाण्याबद्दल, आणि ज्या गोष्टी आपण बाया चारचौघांत बोलत नाही त्यांच्याबद्दल. कारण वारीतून जी बाई अर्ध्यातून परत येते, तिची श्रद्धा कमी पडलेली नसते. बहुतेक वेळा तिचे पाय, तिचं पोट किंवा तिची लघवी तिला परत आणते. आणि हे घडतं ते सुरुवातीच्या दिवसांत.

आधी आपल्या जिल्ह्याची गोष्ट समजून घेऊ. आळंदीची आणि देहूची पालखी सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्या दारावरून जाते ती मुक्ताईची पालखी. जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर आहे, तिथून ती निघते. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा करत ती जालन्यात येते. मग अंबड, वडीगोद्री, शहागड. शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. पुढे गेवराई आणि बीड. बीडला मुक्ताईची तिच्या आजोबांशी, गोविंदपंतांशी भेट होते असं वारकरी मानतात. सगळी वाट जवळपास महिन्याभराची. शेगावची गजानन महाराजांची पालखीही जालन्यात येते, पण ती पंढरपूरहून परतताना. तिची जाण्याची वाट वेगळी आहे.

आता यात आपल्यासाठी एक अडचण लपलेली आहे. मुक्ताईची पालखी जालन्यात पोचते तेव्हा तिच्याबरोबरच्या लोकांची दहाएक दिवसांची चाल झालेली असते. त्यांचे फोड फुटून, वाळून, तिथं घट्टे पडलेले असतात. पोटऱ्यांना सवय झालेली असते. किती पाणी प्यायचं, कुठं थांबायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. आणि आपण जालन्यात किंवा अंबडला त्यांच्यात सामील होतो तेव्हा आपला पहिला दिवस असतो. चाल मात्र सगळ्यांची एकच. दिंडी तुमच्यासाठी हळू होत नाही. पंधरा-वीस किलोमीटर रोज, कधी त्याहून जास्त. दुसऱ्यांच्या बाराव्या दिवसाबरोबर आपला पहिला दिवस चालतो, आणि तिथंच गडबड होते.

म्हणून माझं पहिलं आणि मुख्य सांगणं हे आहे की वारीचे पहिले पंधरा दिवस गावातच चालून घ्या. पालखी यायच्या आधी, आपल्याच शिवारात.

यावर बायका काय म्हणतात ते मला माहीत आहे. "आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला चालायचं काय भ्या?" खरं आहे, राबता. पण कापूस वेचताना, सोयाबीन खुरपताना कंबर वाकते, हात चालतात, पाय मात्र मऊ मातीत थोडं थोडं सरकतात. वारीत डांबरी रस्ता असतो. तो कडक आणि तापलेला असतो. टाच तासन् तास एकाच जागी, एकाच पद्धतीनं आपटते. कामाची ताकद वेगळी आणि चालायची सवय वेगळी.

आणखी एक गोष्ट. आपल्यातल्या कितीतरी जणी अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी जातात. जालन्याहून पंचवीसेक किलोमीटर. त्या म्हणतात, "राजूरला गेले होते, काही झालं नाही." बरोबर. पण राजूरहून आल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही पाय शेकत बसला होता. वारीत दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून परत तेवढंच चालायचं असतं. तिसऱ्या दिवशीही. थकलेल्या पायांनी रोज उठून चालायची सवय करायची आहे.

तर सवय कशी करायची? तीन आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड चार-पाच किलोमीटर. पहाटे, ऊन चढायच्या आत. शेजारच्या गावच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आलं तरी झालं. दुसऱ्या आठवड्यात सात-आठ किलोमीटर, खांद्याला पिशवी लावून, पाण्याची बाटली घेऊन. तिसऱ्या आठवड्यात एकदा तरी लागोपाठ दोन दिवस दहा-बारा किलोमीटर. हा दुसरा दिवसच तुम्हाला खरं काय ते सांगेल. शेवटचे दोन दिवस विश्रांती. आणि हे सगळं त्याच चपला-बुटांत, त्याच लुगड्यात किंवा ड्रेसमध्ये, जे घालून वारीला जाणार आहात.

चपलेचं नीट ऐका. वारीसाठी म्हणून नवीन चप्पल घेऊन पहिल्याच दिवशी घालणं, यासारखी दुसरी चूक नाही. नवी घ्यायची असेल तर महिनाभर आधी घ्या आणि वापरून मऊ करा. अंगठ्याची साधी चप्पल चिखलात रुतून बसते आणि बोटांच्या बेचक्यात कापते. मागून पट्टा असलेलं सँडल किंवा साधे कापडी बूट बरे. चालून चालून पाय सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घ्या आणि पुढे बोटभर जागा ठेवा. बूट असतील तर सुती मोज्यांचे दोन-तीन जोड हवेत. एक पायात, एक वाळत, एक कोरडा पिशवीत.

आता निघाल्यावर काय होतं ते दिवसागणिक सांगते, म्हणजे कोणी घाबरणार नाही.

पहिला दिवस उत्साहाचा. टाळ, मृदंग, फुगड्या. गावकरी चहा देतात, केळी देतात. त्या दिवशी काहीच दुखत नाही, आणि म्हणून बाई गरजेपेक्षा जास्त चालते, नाचते, डोक्यावरची तुळस खाली ठेवत नाही. मातीनं भरलेलं पितळी वृंदावन चांगलं जड असतं. मान आणि पाठ त्याच रात्री बोलायला लागतात. तुळस आळीपाळीनं घ्या. दुसऱ्या माऊलीच्या डोक्यावर दिली म्हणून तुमचं पुण्य कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या दगडासारख्या होतात. उठताना भिंत धरावी लागते. हे दुखणं साधं आहे. चालायला लागलं की तासाभरात सुटतं. रात्री कोमट पाण्यात पाय ठेवा, पोटऱ्यांना खालून वर हलक्या हातानं तेल लावा, झोपताना पाय वळकटीवर थोडे उंच ठेवा.

तिसऱ्या दिवशी फोड येतात. टाचेला, अंगठ्याच्या बाजूला, बोटांच्या टोकाला. फोड घासण्यानं येतो, आणि पाय ओला असेल तर लवकर येतो. फोड यायच्या आधी ती जागा गरम लागते, चुरचुरते. तेव्हाच थांबा. त्या जागेवर दवाखान्यात मिळते ती चिकटपट्टी सपाट लावा. विसाव्याला चप्पल-मोजे काढून पाय वाऱ्याला धरा. एवढं केलं तर निम्मे फोड येतच नाहीत. आला तर त्याची कातडी ओढून काढू नका. ती कातडी म्हणजे देवानं दिलेली पट्टी आहे. लहान फोड तसाच झाकून ठेवा. मोठा असेल, पाय टेकवत नसेल, तर वाटेवरच्या आरोग्य पथकाकडून तो स्वच्छ करून घ्या. बाभळीच्या काट्यानं किंवा लुगड्याच्या पिनेनं फोडू नका. त्यावर हळद, राख, तंबाखू काही भरू नका.

ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी हे दोनदा ऐका. साखरेनं पायाची जाणीव कमी होते. फोड आला, खिळा घुसला, तरी कळत नाही. म्हणून अशा बाईनं एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही, नवस असला तरी नाही. रोज रात्री तळपाय बघायचा. स्वतःला दिसत नसेल तर दुसरीला दाखवायचा.

चौथा आणि पाचवा दिवस मनाचा. उत्साह ओसरलेला असतो, सवय अजून लागलेली नसते. घर आठवतं. म्हैस व्यायली असेल का, पेरणी उरकली का, नातवाला ताप तर नसेल. या दोन दिवसांत खूप जणी परत जायचं ठरवतात. तुम्हाला रडू आलं तर लाजू नका, आणि लगेच निर्णयही घेऊ नका. एक रात्र झोपा, सकाळी ठरवा. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत अंग वाटेला लागतं. पहाटे आपोआप जाग येते. पाय मनाला विचारत नाहीत. ज्या जणी नेहमी जातात त्या याच दिवसांसाठी जातात.

पण दुसऱ्या आठवड्यात वेगळी दुखणी येतात, आणि ती बहुतेक न बोललेली असतात. आता त्यांच्याकडे वळते.

पहिलं पाणी. बायका वाटेत पाणी कमी पितात. तहान लागत नाही म्हणून नाही. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागेल, आणि जायचं कुठं? रस्त्यावर हजारो माणसं, आडोसा नाही. म्हणून सकाळी घोटभर चहा, मग दुपारपर्यंत काही नाही. आमच्या भागातल्या एक काकू अशाच गेल्या. जालन्यापासून चार दिवस पाणी मोजून प्यायल्या. शहागडचा पूल दिसेपर्यंत त्यांना थंडी वाजून ताप भरला. लघवीला आग, कंबरेत कळ. सलाईन लागलं, आणि तिथून त्या एसटीनं घरी आल्या. पायांना एक फोड नव्हता त्यांच्या. दिंडीत त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. "पुरुषमाणसं होती, काय सांगणार," एवढंच म्हणाल्या.

तर हिशेब असा ठेवा. दर अर्ध्या तासानं चार घोट. लघवी दिवसातून पाच-सहा वेळा व्हायला हवी आणि रंग फिका हवा. गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडलं. लघवी दाबून ठेवायची नाही. दोघी-तिघींनी मिळून जायचं, एकीनं साडी किंवा चादर धरायची. रात्री टॉर्च घेऊनच जायचं, एकटीनं कधीच नाही. जिथं फिरती शौचालयं उभी केलेली असतात तिथं गरज नसली तरी जाऊन यायचं. पुढचं कधी मिळेल ते सांगता येत नाही. आणि दिंडी ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा की बायकांच्या संडास-मोरीची काय सोय आहे. जेवणाची विचारपूस सगळे करतात. ही विचारपूस आपणच करायची.

पाणी कुठलं प्यायचं? टँकरचं असो, विहिरीचं असो, पिण्याआधी क्लोरीनचे थेंब किंवा गोळी टाकून अर्धा तास थांबा. आशाताईकडे विचारा. जुलाब लागले तर ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात घाला. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा धरा. मीठ जास्त घालू नका, त्यानं नुकसान होतं. हेच पाणी उन्हात चक्कर आली तरी चालतं.

उन्हाचंही सांगते. पाऊस लांबला तर जालना ते गेवराई हा पट्टा तापतो, आणि रस्त्याकडेला सगळीकडे सावली नाही. कोणी बाई बरळायला लागली, चालताना झोकांड्या गेल्या, अंग चटका बसावा असं तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

दुसरं, मांड्या घासणं. लिहिताना हसू येईल, पण या एका गोष्टीनं बाया रडतात. घाम आणि पावसानं परकर ओला होतो, त्याची शिवण मांडीला घासते, कातडी सोलवटते. आतून सैल सुती अर्धी विजार घाला, गुडघ्यापर्यंतची. निघताना जांघेत खोबरेल लावा. मुक्कामी धुवून कोरडं करून पावडर टाका. ओल्या कपड्यात झोपू नका. पावसात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्यालाही औषध म्हणजे आधी कोरडेपणा. पाय धुतले की बेचकी पुसायची, मग मोजा.

तिसरं, पाळी. महिन्याभराची वाट म्हटल्यावर पाळी मध्ये येणारच. कितीतरी जणी दुकानातून पाळी लांबवायच्या गोळ्या आणतात आणि कोणाला न विचारता घेतात. रक्तदाब असेल, पूर्वी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली असेल, लिव्हरचा आजार असेल, तर या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. घ्यायच्याच असतील तर डॉक्टरला दाखवून घ्या. न घेता चाललात तरी काही बिघडत नाही. सुती कापड असो वा पॅड, चार-सहा तासांनी बदला. ओलं राहिलं की पुरळ आणि जंतू दोन्ही. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवा, ओढ्यात किंवा शेतात टाकू नका. त्या शेतात कोणीतरी आपल्यासारखीच खुरपायला येणार आहे.

आणि पाळीत पालखीजवळ जावं का, हा प्रश्न कोणाच्या मनात असेल तर आपल्याच वाटेवरची एक गोष्ट आठवा. देऊळगाव राजाजवळ मेहुणा राजा आहे. संत चोखोबांचा जन्म तिथला मानतात. त्यांची बायको सोयराबाई. तिनं सातशे वर्षांपूर्वी आपल्या अभंगात विटाळाचाच प्रश्न विचारला. विटाळ नाही असा देह कुठला, विटाळातूनच तर सगळ्यांचा जन्म, असा तिच्या म्हणण्याचा अर्थ. शिकल्या-सवरल्या लोकांना अजून अवघड वाटतं ते तिनं विठ्ठलासमोर उभं राहून विचारलं होतं. ज्या पालखीमागे आपण चालतो तीही एका मुलीची आहे. ज्ञानोबांसारख्या थोरल्या भावाची समजूत घालणारी, चांगदेवांसारख्या योग्याला शिष्य करून घेणारी मुक्ताई. तिची समाधी १२९७ सालची सांगतात, तेव्हा ती अठरा-वीस वर्षांची होती. तिच्या वाटेवर बाईनं आपल्या देहाची लाज बाळगावी, हे मला तरी पटत नाही.

सरकारी पातळीवरही हे आता बोललं जातं. राज्य महिला आयोगानं २०२२ साली 'आरोग्यवारी' सुरू केली. पालखीच्या वाटेवर सॅनिटरी नॅपकिन, त्यांची विल्हेवाट, बायकांसाठी तपासणी, अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष, अशा सोयी त्यात धरल्या. पण आळंदी-देहूच्या वाटेवर जेवढी गर्दी तेवढ्या सोयी. आपल्या वाटेवर माणसं कमी, म्हणून सोयीही कमी असणार हे धरूनच तयारी करायची. आणि ग्रामपंचायतीला आधी अर्ज द्यायचा. पालखी गावात मुक्कामी असेल तर बायकांसाठी दोन संडास, पाणी आणि दिवा एवढं मागायला लाजायचं कशाला? गटाच्या सह्या घालून द्या.

चौथं, अंग बाहेर येणं. आपल्यात चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी बायांना हा त्रास असतो आणि नवऱ्यालाही सांगितलेला नसतो. लांब चालण्यानं आणि डोक्यावर वजन घेतल्यानं तो वाढतो. निघायच्या महिनाभर आधी स्त्रीरोगाच्या डॉक्टरला दाखवा. उपाय आहेत. लपवून निघू नका.

तसंच रक्ताचं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायांना, शंभरात ५४ जणींना, रक्त कमी असल्याचं आढळलं. म्हणजे गटात दहा जणी असतील तर पाच जणी अशा निघू शकतात. रक्त कमी असेल तर दोन किलोमीटरवर धाप लागते, छातीत धडधडतं. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारापेक्षा कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आधीच सुरू करा. त्यांचा गुण यायला आठवडे लागतात, निघताना घेतलेली पुडी उपयोगाची नाही. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या महिनाभराच्या मोजून घ्या, आणि त्यातल्या आठ दिवसांच्या अंगावरच्या पिशवीत ठेवा. बाकीचं बोचकं ट्रकमध्ये असतं आणि ट्रक कधी पुढे, कधी मागे.

वाटेत एकादशी येते. साखरेच्या बाईनं निर्जळी करत चालू नये. उपवास धरलाच तर शेंगदाणे, केळं, ताक चालू ठेवा. हातपाय थरथरले, घाम फुटला तर लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाका. पिशवीत गुळाचा खडा कायम हवा.

झोपण्याचं. मुक्काम शाळेच्या ओट्यावर, देवळात किंवा तंबूत असतो. पावसाळ्याच्या तोंडाला विंचू-साप बाहेर पडतात. मण्यार रात्री झोपलेल्या माणसालाच चावते आणि कधी कधी दुखतही नाही. भिंतीला आणि गवताला चिकटून झोपू नका, अंथरूण झटका, सकाळी चप्पल झटकून घाला. विंचवाच्या दंशावर गुणकारी औषध शोधून जगाला दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे आहेत. तेव्हा आपण तरी मंत्र-उतारा करत बसू नये. चावलं की दवाखाना. करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही.

रस्त्याचं. वडीगोद्रीपासून पुढे मोठा महामार्ग आहे, ट्रक सुसाट जातात. दिंडीच्या आत चाला. मागे पडलात तर एकटीनं चालू नका, दोघी व्हा आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं चाला. अंधारात पिशवीला चमकणारी पट्टी लावा.

आता थांबायचं कधी? दुखतंय म्हणून थांबायची गरज नाही, पण या गोष्टी झाल्या तर त्याच दिवशी थांबा. छातीत दाबल्यासारखं झालं. एकाच पायाची पोटरी सुजून लाल झाली. फोडात पू होऊन वर लाल रेघ चढली. थंडी-ताप आणि लघवीला आग. ताप आणि बरळणं. अशा वेळी गाडीत बसून पुढच्या मुक्कामाला गेलात किंवा घरी परतलात तर वारी मोडली असं नाही. विठ्ठल पुढच्या आषाढीलाही तिथंच उभा आहे.

हे सगळं एकटीनं सांभाळायचं नाही. आपल्याला बचतगटाची सवय आहे, तीच इथं लावा. निघताना जोड्या करा. दोघी-दोघींची जोडी. रोज रात्री हरिपाठ झाला की एकमेकींना तीन प्रश्न विचारायचे. पाय बघितले का? लघवी कितीदा झाली? गोळी घेतली का? तीन प्रश्नांना पाच मिनिटं लागतात. त्या काकूंना कोणी दुसरा प्रश्न पहिल्या रात्री विचारला असता तर त्या पंढरपूरला पोचल्या असत्या. पुढच्या वर्षी त्या जोडीनं गेल्या आणि पोचल्याही. वारीत सगळे एकमेकांना माऊली म्हणतात. माऊली म्हणजे आई. आईला आपलं दुखणं सांगायला कसली लाज?

शेवटी घरच्यांसाठी दोन शब्द. बाई वारीला निघते तेव्हा पेरणीचे दिवस असतात. तिची मजुरी बुडते, धारा काढायला माणूस नसतं, स्वयंपाकाची अडचण होते. म्हणून अनेक जणी चार रात्री जागून पीठ, तिखट, पापड करून ठेवतात आणि थकलेल्या अंगानंच निघतात. त्यांचे पहिले आठ दिवस तिथंच वाया जातात. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी शेवटचा आठवडा तिचं काम उचललं तर तीच तिला खरी शिदोरी होईल. दिंडीची भिशी, औषधं, थोडे हातखर्चाचे पैसे, हे तिच्याच हातात द्या. तिच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवा. नाव, गाव, घरचा फोन, आजार, चालू गोळ्या. मोबाइल बंद पडतो, चिठ्ठी बंद पडत नाही.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत तीन कामं करा. जाणाऱ्या बायांची यादी आणि जोड्या ठरवा. आशाताईला बोलावून रक्त, साखर आणि रक्तदाब तपासायचा दिवस पक्का करा. आणि उद्या पहाटे साडेपाचला गावाच्या वेशीवर जमा, फाट्यापर्यंत चालून या. ज्या वारीला जाणार नाहीत त्यांनीही या. चालणं सगळ्यांनाच मानवतं.

काही विचारायचं असेल तर केंद्रावर फोन करा, किंवा गटाच्या ताईकडे चिठ्ठी द्या. लाजेचे प्रश्न आधी विचारा, बाकीचे नंतर. १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ पोलिसांसाठी आणि १८१ बायकांच्या मदतीसाठी. हे तीन आकडे पाठ करा, घरातल्या मुलींनाही पाठ करायला लावा.

सांभाळून चाला. राम कृष्ण हरी.